एक दांडा, दोन मुठी

त्या दिवशी विमान उतरवलं कोणी, हे मला आजतागायत कळलेलं नाही. विमानात माणसं दोनच होती आणि त्यातला एक मी होतो. तरीही मला माहीत नाही. दिवाळी अंकासाठी एखादा थरारक अनुभव लिहून द्या असा निरोप आला, तेव्हा मी दोन-तीन थरारक प्रसंग आठवून पाहिले. पण ते सगळे मला नीट समजलेले आहेत, त्यामुळे त्यांच्यात आता माझा जीव रमत नाही. डोक्यात रुतून बसलाय तो हाच. लिहिता लिहिता उलगडा होईल अशी आशा आहे, पण फारशी नाही.

मी शुक्रवार पेठेतला. हवाई दलात इंजिनं दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं गेली. निवृत्तीनंतर हलकी विमानं उडवायला शिकलो आणि पुढे ती शिकवण्याचा परवानाही काढला. पेठेत याचं कौतुक जेमतेम. मी विमान उडवतो म्हटल्यावर समोरचा विचारतो, "मुंबईला चाललाय का? एक पार्सल द्यायचं होतं." आमचं विमान कुठेच जात नाही हो. ज्या माळावरून उडतं त्याच माळावर परत येतं. मग मधल्या वेळात नेमकं काय केलंत, या प्रश्नाचं पटेल असं उत्तर मला माझ्या बायकोलाही अजून देता आलेलं नाही.

हा माळ उजनीच्या पाण्याकाठी, तानाजीरावांच्या केळीच्या बागांमागे आहे. तानाजीराव मोठे बागायतदार आणि त्याहून मोठे हौशी. त्यांनी हौसेनं दोन सीटचं हलकं विमान मागवलं. ते आलं खोक्यांमधून, सुट्या भागांत, सोबत नकाशांची जाडजूड चवड. ते जोडायला मला बोलावलं गेलं. केळीच्या क्रेटांशेजारी शेडमध्ये बसून एकेक रिव्हेट मारत मी ते उभं केलं. ज्याने ते उभं राहिलेलं पाहिलं त्याने आधी विचारलं, "हे उडतं?" आणि उडालेलं पाहिल्यावर विचारलं, "हे परत येतं?"

ज्यांनी असलं विमान पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पत्रा इतका पातळ, की अंगठ्याने जोरात दाबला तर पोचा येतो. पंख डोक्याच्या वर, जाड आणि आखूड, आणि पुढच्या कडेला लांबलचक फट सोडलेली. त्या फटीतून शिरलेली हवा पंखाच्या पाठीला धरून राहते, म्हणून विमान अगदी सावकाश चाललं तरी पडत नाही. वेगाचं म्हणाल, तर खालच्या डांबरी रस्त्यावरचा मोटारसायकलवाला आमच्याशी शर्यत लावतो आणि वारा समोरून असला तर जिंकतोही. पण उतरायला एखाद्या शेताएवढी लांब पट्टी पुरते.

आत दोन सीट शेजारी-शेजारी, खांद्याला खांदा घासेल अशा. दोघांच्या मधोमध एकच दांडा. तो खालून वर येतो आणि वर त्याला बेचकीसारखे दोन फाटे फुटतात. डावा फाटा शिकणाऱ्याच्या उजव्या हातात, उजवा माझ्या डाव्या हातात. दांडा मागे घेतला की नाक वर, पुढे केला की खाली. गॅसची, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायची, बोंडंही दोन, एक त्याच्या बाजूला आणि एक माझ्या, पण आतून एकमेकांना जोडलेली. म्हणजे एकाने काही केलं की ते दुसऱ्याच्या हाताला कळतं. दोन दांडे द्यायचे सोडून एकच का दिला, तर वजन वाचावं म्हणून. या विमानात सगळ्याचं कारण शेवटी वजनापाशीच येतं.

म्हणून मी वर नेण्याआधी प्रत्येकाला केळीच्या काट्यावर उभं करायचो. भाडं घेऊन माणसं फिरवायची नाहीत, हे मी तानाजीरावांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण त्यांचे पाहुणे काही कमी नव्हते. माणूस वयाबद्दल खोटं बोलतो असं म्हणतात. मला विचाराल तर वजनाबद्दल जास्त बोलतो. तानाजीरावांचे मामा करकंबहून आले होते. काट्याने आकडा दाखवला तसे म्हणाले, "ह्यो काटा केळीचा हाय, मानसाचा न्हाय." मग फेटा उतरवून बाजूला ठेवला आणि पुन्हा चढले. बंडीच्या खिशातून भाजलेल्या शेंगांची पिशवी निघाली, ती ठेवून तिसऱ्यांदा चढले. मी टाकीतलं थोडं पेट्रोल काढून घेतलं तेव्हा कुठे आमचं जमलं.

त्यांना वरून आपलं गाव बघायचं होतं. नेलं करकंबला. बाजाराची जागा, रस्ते, उसाचे पट्टे, सगळं दाखवलं. मामांनी खाली बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हे करकंब न्हाय."

"मामा, करकंबच आहे."

"जल्म गेला माजा तितं. तुमी मला शिकवताय व्हय? माजं घर येवडंसं न्हाय."

मी आणखी एक फेरी मारली. त्यांनी आपलं घर ओळखायला साफ नकार दिला. खाली उतरल्यावर सगळ्यांना सांगितलं, "सरांनी मला भलतीकडंच नेलं, पर मानूस चांगला हाय." माझं डोकं फिरलं होतं. पण खोटं कशाला सांगू, घरी गेल्यावर मी गुपचूप नकाशा उघडून पाहिला. इतक्या ठामपणे कोणी नाही म्हटलं, की आपल्यालाही धड काही वाटेनासं होतं.

तर असा गोंधळ मला नवा नव्हता. पण तो पाहुण्यांचा असायचा. माझा स्वतःचा झाला तो मंदावहिनींबरोबर.

मंदावहिनी म्हणजे तानाजीरावांच्या पत्नी. तानाजीराव स्वतः मोजक्या वेळा उडाले. दर वेळी खाली आले की बांधावर जाऊन ओकायचे. शेवटी त्यांनी हात जोडले आणि विमानावर ताडपत्री पडली. मग एके दिवशी मी इंजिन सुरू करून बघायला गेलो असताना वहिनी शेडमध्ये आल्या आणि म्हणाल्या, "सर, बाईमानसाला शिकवता का?" मी म्हटलं, "काट्यावर उभ्या राहा." त्यांचं वजन पहिल्याच फटक्यात बसलं. मी मनातल्या मनात शिकवणी सुरूही केली.

ही बाई ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर केळीच्या दोन ओळींमधून उलटा घेते. वरच्या हवेत त्यांना शिकवायला मला काही कष्टच पडले नाहीत. दुपारी माळावरून ऊन वर उसळतं, विमान आडवंतिडवं हलतं, अशा वेळी भल्याभल्यांचे चेहरे पांढरे पडतात. या गप्प बसून नाक सरळ ठेवायच्या. मी एकदा विचारलं, तुम्हाला हे शिकावंसं का वाटलं? त्यांनी खाली पाण्याकडे बघितलं. म्हणाल्या, "हितं कुनी हाक मारत न्हाय, सर. खाली सकाळपास्नं मंदे, वैनी, काकी, आई. हितं कुनाला माजं नावच ठावं न्हाय." मी त्यांना उंची राखायला सांगितलं.

घोडं पेंड खात होतं ते उतरताना. विमान जमिनीला टेकायच्या आधी शेवटच्या क्षणांत दांडा अगदी हळूहळू मागे घ्यायचा असतो. घाई केली तर विमान वर उडी मारतं, उशीर केला तर आपटतं. हे पुस्तकात शिकता येत नाही, हातालाच यावं लागतं. वहिनींचा हात ऐन वेळी ढिला पडायचा आणि मला दांडा घ्यावा लागायचा. असं पुष्कळ दिवस चाललं.

तेवढ्यात तानाजीरावांनी फर्मान काढलं. "सर, दिवाळी झाली की पुन्याची एक पार्टी इमान बघाय येतीय. त्याच्या आत हिनं एकटीनं उडवून दावलं तर ठिवू. न्हायतर शेडमदी जागा आडवून काय करायचं?" माणूस वाईट नव्हे, पण व्यवहार म्हटला की डोळ्यांवर कातडं. विमान बाहेर ढकलताना वहिनींनी मला विचारलं, "सर, जमंल का मला?" मी म्हटलं, जमेल. मला तशी खात्री नव्हती, आणि हे विमान विकलं जायला मलाच नको होतं. त्याचा एकेक रिव्हेट माझ्या हातचा होता.

आणि मग तो दिवस. सकाळची निवांत हवा होती. आम्ही फेरी मारून पट्टीच्या दिशेने वळलो. शिकवणाऱ्याने उतरताना हात दांड्यावर ठेवायचा असतो, पण नुसता ठेवायचा, धरायचा नाही. मी तसा ठेवला. विमान छान खाली येत होतं. गॅस हळूहळू कमी झाला. दांडा माझ्या बोटांखाली अलगद मागे सरकला, कुठे हिसका नाही, ढिलाई नाही. चाकं टेकली ती कळलीसुद्धा नाहीत. माझ्या आयुष्यात मी एवढं सुरेख लँडिंग फार थोड्या वेळा पाहिलंय. मला इतका आनंद झाला की मी इंजिन बंद व्हायचीही वाट पाहिली नाही. ओरडलोच, "वहिनी, आला! हात आला तुमचा!"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "माजा कुटला? तुमीच उतरवलं की."

मला वाटलं थट्टा करताहेत. "अहो, मी काहीच केलं नाही. नुसता हात ठेवला होता."

"मी तर हात सोडलाच व्हता, सर. तुमी धरलं म्हनून. नुस्तं बोट लावून व्हते."

"आणि गॅस कोणी कमी केला?"

"तुमी न्हाय केला?"

तानाजीराव चालत येत होते. त्यांनी आमच्या तोंडांकडे पाहिलं. "काय झालं? मोडलं काय?" मी त्यांना सगळं सांगितलं. सांगायला नको होतं. ते एकदा माझ्याकडे, एकदा बायकोकडे, एकदा विमानाकडे बघत म्हणाले, "मंग उतरवलं कुनी?"

लहानपणी आम्ही पेठेतली पोरं प्लँचेट करायचो. वाटीवर सगळ्यांची बोटं असायची, वाटी सरकायची आणि प्रत्येक जण शपथेवर सांगायचा की मी ढकलली नाही. हे तसंच काहीसं झालं असावं. त्यांनी माझ्या हाताच्या मागे हात नेला, मी त्यांच्या. दोघांनी मिळून जे केलं ते दोघांनीही केलं नाही. की विमानच उतरलं आपलं आपण? मी त्या रात्री आणि पुढच्या कित्येक रात्री यावर विचार केला. गंमत जाऊ द्या, मला घाम फुटायचा. त्यांनी उतरवलं असेल तर बाई एकटी उडायला तयार आहे. मी उतरवलं असेल तर ती अजून कच्ची आहे. आणि कोणीच उतरवलं नसेल, तर आम्हा दोघांनाही घरी बसवायला हवं.

नियम साधा आहे. ताबा देताना सांगायचं, 'तुमच्याकडे'. घेणाऱ्याने म्हणायचं, 'माझ्याकडे'. आणि देणाऱ्याने पुन्हा, 'तुमच्याकडे'. तीनदा बोलल्याशिवाय हात सोडायचा नाही. हे मी त्यांच्याकडून पहिल्या दिवसापासून घोकून घेतलं होतं, आणि मी देताना त्या ते चोख म्हणायच्याही. मग सोडताना का बोलल्या नाहीत? विचारलं तर म्हणाल्या, "मी कुटं दिलं? तुमी घेतलं की." मी चिडलो. पुढच्या दोन-तीन खेपांना आम्ही दोघंही इतके सावध, की दांडा नुसता थरथरत होता आणि विमान बेडकासारखं उड्या मारत होतं.

शेवटी मी हे घरी रझियाला सांगितलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तो इस में समझना क्या है जी? अम्मी चमचे कू हात लगाए की मैं छोड़ देती थी. बोलने की क्या बात उस में?"

अम्मी म्हणजे माझी आई. आमच्या स्वयंपाकघरात हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. सून कालवण ढवळत असते, सासू येते, काही न बोलता पळीला हात लावते, आणि सून तितक्याच मुकाट्याने हात काढून बाजूला होते. कोणी मागत नाही आणि कोणी देतही नाही. मी विचारलं, "आणि अम्मी गेल्यावर?" रझियाने आता वर पाहिलं. "अम्मी गए तो क्या? आज भी कोई हात लगाए तो छूट जाता."

दुसऱ्या दिवशी वहिनींना विचारलं. त्यांच्या सासूबाईंना त्या आत्याबाई म्हणतात. म्हणाल्या, "व्हय की. आत्याबाईंनी उलथनं धरलं की आपुन सोडायचं. आजून सोडते. मोट्या मानसाच्या हाताखाली आपला हात ठिवायचा म्हंजे..." आणि थांबल्या. त्यांनाही तेव्हाच कळलं असावं. त्यांचा हात शेवटच्या क्षणी ढिला पडायचा तो भीतीने नव्हे. तो माझा हात यायचा म्हणून. आणि मी इतके दिवस त्यांना दांडा मागे घ्यायला शिकवत होतो.

मग मी वेगळीच शिकवणी काढली. उतरताना मी मुद्दाम हात ठेवणार, आणि त्यांनी म्हणायचं, "सर, हात काढा." एवढंच. हे शिकवायला उडणं शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागला. पहिल्या खेपेला त्या म्हणाल्या, "सर, तुमी... जरा..." दुसऱ्या खेपेला नुसतं माझ्याकडे बघितलं आणि हात सुटला. जमिनीवर उभं राहून त्यांना नीट म्हणता यायचं, हसत-हसत म्हणायच्या. वर गेलं की तोंडच उघडायचं नाही. मी वैतागून म्हटलं, "ट्रॅक्टर उलटा घेताना मध्येच कोणी स्टेअरिंगला हात घातला तर काय कराल?" म्हणाल्या, "कोन घालनार? आनि घातलाच तर त्यो तुमच्यावानी गुरू नसंल." यावर मला रागवावं की लाजावं ते कळेना.

एका सकाळी वारा आडवा होता. पट्टीवर यायला आम्ही नाक थोडं तिरकं धरून येत होतो. मी हात ठेवला आणि या वेळी नुसता ठेवला नाही, चुकीच्या बाजूला जरासा रेटला. विमान पट्टीवरून सरकू लागलं. वहिनींचा हात एकदा ढिला पडला. मी तसाच रेटत राहिलो. खाली केळीचे शेंडे दिसायला लागले, आणि माझ्या कानाशी असा आवाज फुटला की मी दचकलोच.

"हात काढा म्हंते न्हवं, सर!"

आणि त्यांनी माझं मनगट धरून बाजूला फेकलं. लँडिंग म्हणाल तर भयानक झालं. एक चाक आधी आपटलं, मग दुसरं, एक उडी, मग तिरके-तिरके जात थांबलो. माझी मान आखडली. पण ते कोणी उतरवलं याबद्दल कोणाला काही शंका नव्हती. वहिनी रडत होत्या, का ते मी विचारलं नाही. माझंही काही ठीक नव्हतं.

त्यानंतर मी हात मांडीवर ठेवून बसू लागलो. लँडिंग सुधारत गेली. त्या पहिल्या सुरेख लँडिंगसारखं एकही झालं नाही, हे सांगून टाकतो, आणि त्याचं कोडं त्यामुळे आणखीच घट्ट बसलं. पण सगळी त्यांची होती. मग एका सकाळी मी दार उघडून खाली उतरलो, रिकाम्या सीटचा पट्टा बांधला आणि म्हटलं, "एकच फेरी. माझं वजन नाही, ते झपकन वर जाईल, घाबरू नका. एक फेरी मारायची, उतरायचं, इथे येऊन थांबायचं." त्यांनी मान हलवली.

तानाजीराव येऊन माझ्याशेजारी उभे राहिले होते. विमान खरंच झपकन उचललं. त्यांनी माझा दंड धरला तो सोडेचनात. पाण्यावरून वळून ते परत आलं, खाली आलं, थोडं जोरात टेकलं, एकदा उडालं, बसलं. तानाजीरावांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी दार उघडायला पुढे निघालो. विमान आमच्यासमोर आलं आणि थांबलं नाही. पट्टीच्या टोकाला जाऊन वळलं, इंजिन मोठं झालं, आणि माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा वर गेलं.

मी पट्टीवर उभा राहून ओरडत सुटलो. एक फेरी म्हटलं होतं, एक! नियम म्हणजे नियम. मला भयंकर राग आला होता आणि त्याच वेळी मोठ्याने हसू येत होतं, आणि त्यातलं खरं कोणतं ते मला सांगता येणार नाही.

"सर, ह्ये तुमी सांगितलं व्हतं?" तानाजीरावांनी विचारलं.

"नाही. मला विचारलंसुद्धा नाही."



"मलाबी न्हाय," ते म्हणाले, आणि पुण्याच्या पार्टीला येऊ नका म्हणून कळवायला खिशातून फोन काढत बाजूला गेले.